चारशे ताटांचा हात

डॉक्टरांनी फक्त तीन किलो मागितले होते. बाईंचं वजन तेवढं वाढू दे, मग भूल देता येईल आणि पोटातली गाठ काढून टाकता येईल. गाठ साधी होती, तपासण्या झाल्या होत्या, पण ती आत ठेवून चालणार नव्हतं. आणि इतक्या अशक्त बाईला भूल द्यायला डॉक्टर तयार नव्हते. आचारी ते ऐकून मनातल्या मनात हसलाच. तीन किलो! ज्यानं बत्तीस वर्षं कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये रोज चारशे माणसं जेवू घातली, त्याला एका बाईला तीन किलोंनी वाढवायचं होतं, आणि तेही स्वतःच्या बायकोला. डाव्या हाताचं काम, असं तो मुलीला फोनवर म्हणालासुद्धा.

या गोष्टीला सात आठवडे झाले होते. एव्हाना त्याचा डावा हातही थकला होता आणि उजवाही.

एरवी माणूस वाईट नव्हता. ठेंगणा, रुंद, बनियनवर वावरणारा, खांद्यावर कायम एक ओला फडका. मजल्यावरची सगळी त्याला कॅन्टीनवाले काका म्हणत. नोकरीत असताना त्यानं घरी कधी साधा चहाही केला नव्हता. दुपारी तीनला, सगळ्यांची जेवणं उरकल्यावर, तिथेच एका स्टुलावर बसून तो जेवायचा आणि चारला घरी येऊन आडवा व्हायचा. घरचा स्वयंपाक हे बायकोचं खातं. दोघं धड उभी राहू शकणार नाहीत एवढ्याशा ओट्यावर तिनं मुलगी वाढवली, तिचं लग्न लावलं, आणि कधी भाजीचं एक देठ वाया जाऊ दिलं नाही. फुलकोबीचे दांडे बारीक चिरून भातात, मटाराच्या टरफलांचं सूप, बटाट्याची सालं परतून तोंडी लावायला. आचाऱ्याला या काटकसरीचं हसू यायचं. 'चिंगूसपणा आहे नुसता,' तो म्हणायचा, 'स्वस्ताई कशी असते ते मला विचार.'

आता विचारायची वेळ आलीच होती. गेल्या वर्षी तो निवृत्त झाला, चार-पाच महिन्यांत बायको आजारी पडली, आणि शेगडीपुढे उभं राहायचं नाही असा हुकूम डॉक्टरांकडून आला. आचाऱ्यानं फडका खांद्यावर टाकला आणि पहिल्याच पहाटे बस पकडून घाऊक बाजार गाठला. किरकोळीत घेणारा लुटला जातो, हे त्याचं आयुष्याचं तत्त्वज्ञान. येताना टेम्पोत त्याच्यासोबत बटाट्यांची एक गोणी, कांद्यांची एक, बारा कोबी आणि एक भोपळा असा आला, की तो जिन्यावरून वर न्यायला शेजारच्या शिंप्याला मदतीला बोलवावं लागलं.

"अहो, आपण दोघंच आहोत," बायको खुर्चीवरून क्षीण आवाजात म्हणाली.

"निम्म्या भावात मिळालंय!"

"कांदे आणि बटाटे एकाशेजारी एक ठेवू नका. मोड येतील."

"बत्तीस वर्षं काय मी गवत उपटत होतो? मला शिकवू नकोस."

आता इथे खरी गोम होती. कॅन्टीनच्या कोठारात गोण्या शेजारी शेजारीच असायच्या आणि बटाट्याला मोड आलेला त्यानं बापजन्मात पाहिला नव्हता. कसा पाहणार? चारशे माणसं गोणी तीन दिवसांत फस्त करायची. गोणीचा चौथा दिवस त्यानं कधी बघितलाच नव्हता. मग दहावा दिवस, विसावा दिवस ही तर परक्या मुलखाची गोष्ट. विसाव्या दिवशी गॅलरीत बटाट्यांना बोटभर मोड आले होते, कोबीची वरची पानं काळी पडून ओघळत होती, आणि त्या वासानं कपडे वाळत घालणंही नकोसं झालं होतं. मजल्यावर सगळ्यांना कोबी वाटून झाले. शिंपीण तर हल्ली त्याची चाहूल लागली की आतून कडी लावून घ्यायची.

आणि हात! हाताचं काय करायचं? मीठ मुठीनं घ्यायची सवय. तेल डब्यातून थेट पातेल्यात. कितीही थोडं करू म्हटलं तरी दहा जणांचं व्हायचं. रोज वेगळं करायचा तो, कारण त्याच त्या भाजीला माणूस कंटाळतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दुपारी एकला बायकोपुढे वाफाळतं ताट ठेवायचं आणि आपण आंघोळीला जायचं, ही त्याची रीत. स्वतः तीनला जेवायचा. इतक्या वर्षांचं पोट, त्याआधी त्याला भूकच लागत नसे. आंघोळ करून आला की ताट रिकामं आणि धुऊन ठेवलेलं. तो खूश.

त्या मंगळवारी दवाखान्यात नर्सनं काट्यावरचा आकडा वाचला आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाढणं दूरच, चारशे ग्रॅम कमी.

"काका, बाई जेवतात ना नीट?" नर्सनं विचारलं.

"जेवतात? रोज माझ्या हातचं ताजं, गरम! ताट चाटूनपुसून साफ असतं! तुमचा काटा बिघडलाय."

नर्सनं त्यालाच काट्यावर उभं केलं. काटा ठणठणीत होता. उलट आचारीच सात आठवड्यांत चार किलोंनी वाढला होता. बायको खाली मान घालून चपला शोधत राहिली. डॉक्टरांनी तारीख पुन्हा पुढे ढकलली आणि म्हणाले, आणखी तीन आठवडे बघू, पण गाठ काही आपल्यासाठी थांबून राहणार नाही.

घरी येईपर्यंत आचारी धुमसत होता. कुणावर, ते त्याचं त्यालाही कळत नव्हतं. डॉक्टरांवर, काट्यावर, जिन्यांवर. सगळ्यात जास्त तर बायकोवरच. इतका राबतोय मी, आणि हिच्या अंगी लागत नाही म्हणजे काय? माझं अन्न अंगी लागत नाही? कॅन्टीनमध्ये काटक्या होऊन आलेले कामगार सहा महिन्यांत शर्टाची बटणं तोडायला लागायचे!

दुसऱ्या दिवशी त्यानं हट्टानं चार भाज्या घातलेला रस्सा केला, भात केला, एकला ताट वाढलं आणि आंघोळीला गेला. दार लावलं तेव्हा लक्षात आलं की टॉवेल बाहेरच दोरीवर राहिला. तो तसाच परत फिरला.

बायको फ्रीजपुढे उभी होती. एका हातानं दाराचा आधार घेतलेला, दुसऱ्या हातात चमचा. स्टीलच्या डब्यातला थंडगार भोपळा ती खात होती. शनिवारचा भोपळा. आणि त्यानं वाढलेला रस्सा ताटातून पुन्हा पातेल्यात गेला होता, वर नीट झाकण ठेवलेलं.

"हे काय चाललंय?" आचारी ओरडला.

तिनं दचकून डबा छातीशी धरला. मग, चोरी पकडलीच गेलीय म्हटल्यावर, तीही उसळली.

"काय चाललंय म्हणजे? हे कुणी संपवायचं?"

"टाकून दे!"

"टाकून देऊ? अन्न टाकून देऊ? आत बघा, अकरा डबे आहेत. तुम्ही रोज दहा माणसांचं करता, मी कुणाच्या घशात घालू? आधी जुनं संपल्याशिवाय नव्याला हात कसा लावू?"

"पण ते संपणार कधी?"

"तुम्ही रोज नवं करता, संपेल कधी?"

आचाऱ्यानं फ्रीज उघडला आणि बघतच राहिला. अकरा डबे, एकावर एक, सगळ्यात जुना पुढे. हिशोब अगदी सरळ होता. रोज सगळ्यात शिळं खायचं म्हटलं, की आजचा रस्साही पाच दिवसांनी, चव गेल्यावर, आंबायला लागल्यावरच हिच्या तोंडी जाणार. भाजी चिरतानाही ती पलीकडून सांगायची, अहो, आधी तो मऊ पडलेला घ्या. म्हणजे गोणीभर चांगला माल आणून त्यातला प्रत्येक नग सडू द्यायचा आणि मग तो हिनं खायचा. आणि तेही दोन घास, कारण आजारी माणसाला शिळा भोपळा जातो कुठे?

"असं कधीपासून खातेस?" त्यानं विचारलं. आवाज अजून चढलेलाच होता.

"कधीपासून म्हणजे? लग्न झाल्यापासून. सगळ्यांचं झालं की उरलेलं खायचं. तुम्ही घरी जेवत होतात कुठे बघायला?"

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. चारशे माणसांमध्ये कुणाला तिखट चालत नाही, कोण दोनदा भात घेतो, कोण भाजी बाजूला सारतो, हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. आपली बायको जेवते कशी हे त्यानं आयुष्यात बघितलं नव्हतं. त्याला स्वतःची विलक्षण चीड आली, आणि चीड आली की तो गप्प बसणाऱ्यातला नव्हता. त्यानं अकराच्या अकरा डबे ओट्यावर काढले आणि बादलीत उपडे करायला सुरुवात केली. बायको रडायला लागली. खरंखुरं रडली, कुणी मेल्यासारखं. मुलीच्या लग्नातही ती इतकी रडली नव्हती. तो एकेक डबा उपडा करत होता आणि तोंडानं बडबडत होता, "रड! रड! पण हे खायचं नाही!"

रस्सा आणि भात पातेल्यांसकट शिंप्याच्या दारात ठेवून आला. मग गोण्या. सडका माल वेगळा काढून उरलेला त्यानं हातगाडीवर टाकला आणि ढकलत जुन्या कॅन्टीनवर नेला. तिथल्या नव्या आचाऱ्यानं, पोरसवद्या आणि टोपीवाल्या माणसानं, गोण्यांकडे बघून नाक मुरडलं.

"काका, आता आमच्याकडे भाजी चिरूनच येते. पिशव्यांमधून."

"मग चिरून घ्या! हात मोडलेत का?"

"ठेवा, ठेवा," तो म्हणाला. म्हाताऱ्याशी कोण हुज्जत घालणार, असा चेहरा करून.

तो अपमान गिळून आचारी परतताना कोपऱ्यावरच्या भाजीवालीपाशी थांबला. तिच्याकडून त्यानं आजवर कधी काही घेतलं नव्हतं, किरकोळवाली म्हणून.

"दोन गाजरं, एक बटाटा. आणि वीस-पंचवीस शेंगा मटार."

"एवढंच? घाऊकवाल्यांनी हाकललं का, काका?"

त्यानं पैसे मोजले. खरं तर त्या शेंगाच त्यानं तिच्या डोक्यात घातल्या असत्या, पण सगळ्या मोजून पंचवीस होत्या.

घरी आला तर बायको रिकाम्या फ्रीजकडे बघत बसलेली. डोळे सुजलेले. "घरात काही म्हणजे काही नाही," ती म्हणाली, "असं कधी झालं नव्हतं."

"झालंय आता. मला तुझं ते लहान पातेलं दे."

ते पातेलं त्याच्या तळहातापेक्षा जेमतेम मोठं होतं. दोन गाजरं चिरायला त्याला, चारशे माणसांच्या आचाऱ्याला, अर्धा तास लागला. सुरी सरसर चालायची सवय, आणि चालवायला पुढे काही उरतच नव्हतं. मिठाच्या डब्यात त्याची मूठ गेली.

"चिमटीत!" खुर्चीवरून आवाज आला. "मुठीत नाही, चिमटीत घ्या. तेल चमच्यानं. आच कमी करा, एवढ्याशाला एवढा जाळ लागत नाही."

"गप्प बस!"

पण त्यानं चिमटीत घेतलं. दातओठ खात चमच्यानं तेल घातलं, आच कमी केली, शेजारी वाटीभर भात लावला. कपाळावरचा घाम फडक्यानं पुसत त्या बोटभर भाजीपुढे तो असा उभा राहिला, की कुणी बघितलं असतं तर वाटलं असतं, माणूस परीक्षेला बसलाय.

ताटं मात्र त्यानं दोन घेतली. तीनची वेळ केव्हाच टळून भूक मेली होती, तरी तो तिच्यासमोर बसला. भात दोन ताटांत, भाजी दोन ताटांत, पातेलं रिकामं. तिनं सवयीनं चमचा उचलून त्याला आणखी वाढायला पातेल्यात बघितलं, आत काही नव्हतं. मग तिला करण्यासारखं काही उरलं नाही, आणि ती जेवायला लागली.

आधी चाचपडत, मग न थांबता. गाजराचा तुकडा तोंडात टाकून तिनं डोळे मिटले. आचारी भात अर्धवट कालवून, घास न घेता नुसता बघत होता. भूक होती हिला. एवढी भूक होती आणि सात आठवडे हिनं शिळ्या डब्यांचं ओझं वाहिलं होतं. सात आठवडे कसले, चाळीस वर्षं.

ताट साफ झालं. बायकोनं ताटाच्या कडेचा शेवटचा मटार बोटानं उचलला. मग थोडी लाजली, आणि आयुष्यात कधी न विचारलेलं विचारून बसली.

"अजून आहे का थोडं?"

पातेल्यात काही नव्हतं. त्यानं तरी ते तिरकं करून बघितलं. मग त्याचा हात आपसूक स्वतःच्या ताटाकडे गेला, ते तिच्यापुढे सरकवायला. अर्धवट कालवलेला भात, निवलेली भाजी. पुन्हा दुसऱ्याचं उरलेलंच? त्यानं हात मागे घेतला आणि पिशवी उचलली.

"बसून राहा. पाच मिनिटांत आलो."

चपला घालून तो दारात थांबला. आता ती म्हणेल, राहू द्या, कशाला खाली जाता, मला काय, चाललं असतं. एवढी वर्षं ती तेच म्हणत आली होती, आणि ते ऐकलं की तो परत येऊन बसत असे.

"अहो," आतून आवाज आला, "ताजी बघून आणा."