वाघाच्या रकान्यात माझी सही

मंडळी, आज दुपारी शहराबाहेर केरव्याच्या जंगलाकडे एका जागेची पाहणी करायला गेले होते. मी बांधकाम परवानगी शाखेत इंजिनिअर आहे, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे.

तिथे रिसॉर्ट होतंय. त्याची परवानगी गेल्या वर्षीच दिलीय. आताचा अर्ज फक्त कुंपणाची भिंत नियमापेक्षा उंच बांधण्यासाठी.

मी टेप काढला, तसा चौकीदार म्हणाला, "मैडम, जल्दी नाप लो. चार बजे के बाद बाघ आता है नाले पे, पानी पीने."

नाल्याकाठच्या ओल्या मातीत पंजे उमटले होते. माझ्या तळहाताहून मोठे.

गाडीत बसून अर्ज नीट वाचला. भिंत उंच हवी, कारण परिसरात वाघाचा नेहमीचा वावर आहे, असं मालकानेच लिहिलं होतं.

मग त्याच फाइलमधला गेल्या वर्षीचा पाहणी अहवाल उघडला. 'वन्यप्राण्यांचा वावर' या रकान्यापुढे 'निरंक', म्हणजे काहीच नाही. खाली सही माझी.

तेव्हा मी त्या जागेवर गेलेच नव्हते. मार्चअखेरची घाई होती. आमच्याकडे सगळेच करतात तसा शेजारच्या जागेचा अहवाल उतरवून काढला होता.

वाघाची पाण्याची वाट अडते म्हणून भिंतीला नकार देणं सोपं आहे. पण मूळ परवानगीच चुकली, असं लिहायचं तर आधी माझं खोटं लिहावं लागेल. ते कबूल करणारी चार ओळींची टिप्पणी तयार आहे. सही अजून केलेली नाही.

खरं सांगा, माझ्या जागी तुम्ही असता तर तिच्यावर सही केली असती, की भिंतीपुरतं लिहून मोकळे झाला असता?