दहा-नऊ

आधीच सांगतो, मी अंगारे-धुपारेवाला माणूस नाही. सत्यनारायणालाही शिऱ्यासाठीच जातो. तरी हे लिहितोय...

नव्वदीची सुरुवात. मी उल्हासनगरला राहून छोट्या कारखान्यांना प्रोग्रॅम लिहून द्यायचो. अंबरनाथच्या एका केमिकल फॅक्टरीत शेठने कॉम्प्युटरसाठी एसी केबिन केली होती. आत शिरताना चपला बाहेर, दसऱ्याला मॉनिटरला हार. शेडमधल्या माणसांना मात्र साधा गॉगल नाही.

तिथे पाळीचे रिपोर्ट पुष्पाताई टाइप करायच्या. शेठला संशय – लोक मागाहून जुनी तारीख टाकतात. म्हणून माझा प्रोग्रॅम रिपोर्टमध्ये टाकलेली तारीख आणि मशीनने फाइलवर मारलेली तारीख ताडून बघायचा. जुळली नाही की फाइल बाद. भानगड बहुतेक एकच असायची. मशीन अमेरिकन पद्धतीचं, महिना आधी. आपली माणसं दिवस आधी टाकणार.

दहा सप्टेंबरला मी बाद फाइली तपासायला फ्लॉपीवर घेत होतो.

"सर, ही एक माझी नाही," पुष्पाताई म्हणाल्या. "माझा आजचा रिपोर्ट कधीच पास झाला."

मी तारीख पाहिली. दहा-नऊ.

"आजचीच आहे की! उलटी टाकलीत, म्हणून मशीनला नऊ ऑक्टोबर वाटली."

"अहो, पण मी टाइपच नाही केली. आत काय लिहिलंय ते तरी बघा ना."

"ताई, कॉम्प्युटरच्या अंगात येत नाही हो," मी म्हणालो. त्या हसल्या नाहीत. मी फ्लॉपी खिशात टाकून निघालो, घरी कपाटात ठेवली आणि विसरलो.

नऊ ऑक्टोबरला फॅक्टरीत व्हॉल्व्ह फुटला. बदलापूर गावातून शेडमध्ये कामाला येणाऱ्या दत्तूच्या तोंडावर ॲसिड उडालं. दोन्ही डोळे गेले.

नऊ ऑक्टोबर ऐकलं आणि कपाटातली फ्लॉपी काढून लावली. मशीनने फाइलवर मारलेली तारीख दहा सप्टेंबरचीच होती. आत दोनच ओळी – 'तीन नंबरचा व्हॉल्व्ह सकाळपासून गळत होता. दत्तूच्या डोळ्यांत ॲसिड गेले.'

मशीनने तारीख बरोबर वाचली होती. उलटी वाचली ती मी.

घड्याळाची बॅटरी, व्हायरस, कुणाची चेष्टा – सगळं तपासून झालं. पण फ्लॉपी महिनाभर माझ्याच कपाटात होती, तिथे कोण काय बदलणार?

दत्तूला हॉस्पिटलात भेटलो. डोळ्यांवर पट्ट्या. आवाजावरून ओळखून म्हणाला, "कॉम्प्युटरवाले साहेब ना? बसा. माझ्या पोराला शिकवाल का ते? शेडमध्ये नको पाठवायला त्याला." मी हो म्हणालो. फाइलचं सांगायला तोंड उघडलं नाही.

पुष्पाताईंना मात्र दाखवली. त्यांनी शांतपणे वाचली.

"ही फ्लॉपी तुमच्याकडेच होती ना, सर?"

"हो."

"मग महिनाभर वाचली का नाही?"

फाइल कुणी लिहिली, याचं उत्तर मला आजही माहीत नाही. त्यांच्या प्रश्नाचं माहीत होतं, ते देववलं नाही.