गेरूचा नऊ

जुन्या बाजारात कोणी गेरूमास्तरांना "मास्तर, जरा गाव दाखवा" म्हटलं, की मास्तर खिशातून घडीचा कागद काढून त्याच्या हातात देत आणि सरळ पाठ फिरवून चालू लागत. "एकट्यानं फिर गा," एवढंच वर म्हणत. "सोबत कोणी असला का आपण त्याच्या मागं जातो. रस्ता कोण पाहते?"

हे शाळेतून निवृत्त झालेले ड्रॉइंग मास्तर. गोंदियाच्या स्टेशनापासून आपल्या घरापर्यंत जुन्या बाजारातून त्यांनी एक वाट आखली होती. कोपऱ्याकोपऱ्यावर वीतभर उंचीचा गेरूचा आकडा, एक ते अठरा, आणि कागदावर प्रत्येक आकड्याचा मजकूर. तीनला धर्मशाळेची विहीर, पाचला हत्ती कोरलेलं दार, सहाला तांदळाच्या आडतीतला माणसाएवढा तराजू. नऊ माझ्या दुकानाच्या भिंतीवर. मी किराणा आणि रंग विकायचो. मास्तरांचा गेरूही माझ्याकडचाच. वडिलांच्या मागे दुकान नुकतंच अंगावर पडलं होतं, आणि अख्ख्या बाजारात काम फक्त मीच करतो असा माझा समज होता.

कागदाची भाषा मात्र गमतीची. उजवं-डावं त्यात कुठेच नाही. "पाटलीच्या हाताकडे वळा", नाहीतर "रिकाम्या हाताकडे वळा". आम्ही मनगटं पुढे करून मास्तरांना छेडायचो, "मास्तर, आमची पाटली कुठं आहे?" मास्तर हसत, पण मजकूर त्यांनी कधी बदलला नाही. अठराच्या खाली तर चक्क आमंत्रण होतं: "निळं दार. हेच घर. आत या, पाय धुवा. जेवण झाकून ठेवलं आहे." दोन-चार वाटसरू खरंच आत गेले. मास्तरांनी त्यांना वरण-भात वाढला. आम्हाला हसायला आणखी एक विषय मिळाला.

मास्तरांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. दर गुरुवारी त्या एकट्याच बाजार करत, एका हातात पिशवी, दुसऱ्यात तो कागद. नवऱ्याचं कौतुक म्हणून घेऊन फिरतात, असंच सगळ्यांना वाटे.

दिवाळीआधी सारा बाजार भिंतींना चुना मारतो. आकडे त्यात जाणारच. म्हणून मास्तरांनी दुकानदारांकडून एकच गोष्ट मागून घेतली होती: चुन्याच्या आदल्या दिवशी निरोप द्या. समोरचा हलवाई ओट्यावरूनच ओरडे, "मास्टरजी, कल चूना है!" मग दुसऱ्या दिवशी मास्तर गेरूची वाटी घेऊन ओल्या भिंतीसमोर स्टूल टाकून बसत आणि भिंत वाळली रे वाळली की आकडा काढत. मी एकदा म्हटलं, "मास्तर, काऊन एवढी घाई? दिवाळी झाल्यावर काढा ना."

"एक दिवसही नाही चालत गा," ते म्हणाले. म्हाताऱ्याचं खूळ, मी समजलो.

आमचा भाग मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्या वर्षीची दिवाळी. चुन्याचा गडी ठरल्यापेक्षा दोन दिवस आधीच आला. दुकानात गर्दी होती. मास्तरांना निरोप द्यायला हवा हे मला आठवलं होतं, खोटं कशाला बोलू? उद्या सांगू म्हणून राहू दिलं.

तो गुरुवार होता. दुपारी काकू भिंतीसमोर येऊन थांबल्या. एकदा कागद बघत, एकदा भिंत.

"काय पाहून राहिल्या, काकू?"

"नऊ नाही," त्या म्हणाल्या.

"चुन्यात गेला. पुढं दहा आहे ना," मी हसून म्हणालो आणि गिऱ्हाइकाची हळद तोलू लागलो.

नवाला गल्लीत वळायचं असतं. मी पुढं म्हणालो, म्हणून काकू सरळ पुढे गेल्या.

संध्याकाळी मास्तर धापा टाकत आले. पांढऱ्या भिंतीवर त्यांनी हात फिरवला. "नऊ कुठं गेला गा?" आणि तेव्हा, भर दुकानात, त्यांनी सगळं सांगितलं. तीन वर्षांपासून काकूंना काही लक्षात राहत नव्हतं. घर, गल्ली, कधी कधी नवरासुद्धा. उजवं-डावं गेलं, पण एका हातातली एकुलती एक पाटली कळायची. बाजार मात्र एकटीनंच करायचा हा हट्ट सुटला नव्हता. म्हणून ती वाट. आम्हा सगळ्यांच्या हातातले कागद म्हणजे नुसतं पांघरूण.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू गावाबाहेर फुलचूरकडे एका धानाच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसलेल्या सापडल्या. दवानं अंग भिजलेलं, कागद मुठीत. ताप चढला तो उतरलाच नाही. आठव्या दिवशी त्या गेल्या.

मी मास्तरांचे पाय धरले. ते म्हणाले, "रडू नको गा. म्याच नाही सांगतलं तुमाले. बाजार तिले येडी म्हणन, याची लाज वाटली. तिले नाही, मले."

त्यांनी मला शिव्या द्यायला हव्या होत्या. त्या दिल्या नाहीत, हे मला अजून सोसत नाही.

महिन्याभरात त्यांची मुलगी त्यांना आमगावला न्यायला आली. स्टेशनावर जाताना मास्तर दुकानासमोर थांबले. भिंतीवर नऊ मी माझ्या हातानं काढून ठेवला होता. "शेपूट वाकडी झाली," म्हणून त्यांनी वाटी मागितली आणि तो नीट केला. मग खिशातून कागद काढला. काकूंच्या मुठीतला, चुरगळलेला. "एकट्यानं फिर," म्हणाले.

मी फिरलो नाही. हिंमत झाली नाही. दोन वर्षांनी आमगावहून मास्तर गेल्याची खबर आली, तेव्हा मात्र दुकान बंद केलं आणि स्टेशनापासून निघालो. बरेचसे आकडे चुन्याखाली गेले होते, पण कागद होता. प्रत्येक ओळ मी मोठ्यानं वाचत गेलो. लोक पाहत होते, पाहू दिलं. माझ्याच भिंतीशी थांबून म्हणालो, "इथं पाटलीच्या हाताकडे वळा, काकू."

अठराला निळं दार, दाराला कुलूप. शेवटची ओळ वाचायची राहिली होती. तीही वाचली.

"हेच घर. आत या, पाय धुवा. जेवण झाकून ठेवलं आहे."