वायर तुटली तर काय?

आमच्या पाटसच्या भावजींइतका दाबाला भिणारा माणूस शिरूर आणि दौंड हे दोन तालुके धुंडाळले तरी दुसरा सापडायचा नाही, आणि दाबावर इतकी माया करणाराही नाही. हे माझ्या यजमानांचे मामेभाऊ. उभी हयात साखर कारखान्यात बॉयलरपुढे काढली. रिटायर होऊन बारा वर्षं झाली, पण नजर अजून दाबाच्या काट्यावरच. काटा दिसला की आधी त्याच्या काचेवर बोटानं दोन टिचक्या मारायच्या, मगच आकडा वाचायचा. पंपावर टायरात हवा भरताना टिचक्या, डॉक्टरांच्या रक्तदाबाच्या यंत्रालाही टिचक्या. डॉक्टर बिचारे म्हणाले, "काका, नवीन आहे हो मशीन." तर हे म्हणतात, "नवं हाय म्हणूनच. जुनं वळखीचं असतंय." कुणाच्याही घरी गेले तरी आत कुकर लावलेला असेल तर शिट्ट्या मोजून होईपर्यंत चहाला तोंड लावत नाहीत.

मी नवी नवरी होते तेव्हा या माणसाचा मला भारी राग. तेव्हाची मी म्हणजे काय सांगू! दहावी पास, म्हणजे आमच्या केंदुरात जवळजवळ कलेक्टरच. घरात पहिला कुकर आला तेव्हा वाफ फुकट जाते असा शोध मी स्वतःच्या अकलेनं लावला आणि ती वाचवायला शिट्टीवर खलबत्त्यातला बत्ता टेकवून ठेवला. भावजी नेमके जेवायला आले होते. भरल्या ताटावरून उष्ट्या हातानं धावत आले, स्टोव्ह विझवला आणि मला मनगटाला धरून अंगणात काढलं. कुकर काही फुटला नाही. म्हणून तर मी आठ दिवस गाल फुगवून बसले, की एवढी नामी युक्ती या माणसानं वाया घालवली! आभार वगैरे मानायचे असतात हे त्या कलेक्टरीणबाईंना कुणी शिकवलं नव्हतं.

आता माझी नात माझ्याजवळ शिरूरला राहते आणि रोज स्वतःच्या गाडीनं रांजणगावच्या कंपनीत जाते. गाडी जुनी घेतलेली, लाल, टर्बोवाली. टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. ती किती कोंबायची हे ठरवायला आधीच्या मालकानं हातानं पिळायचा एक स्क्रू बसवला होता. भावजी एकदा त्या गाडीत बसले, टर्बोच्या दाबाच्या काट्याला टिचक्या मारल्या आणि उतरले ते घाम पुसतच. "वैनी, ह्यो काटा जाताना येक सांगतोय, येताना येक. हिचं इंजिन कवातरी भर हायवेवर बसंल, आन् मागनं ट्रक. ह्यो स्क्रू काढा." मला त्या दिवसापासून झोप लागेना. नातीनं ठरवलं, इलेक्ट्रॉनिक बूस्ट कंट्रोलर बसवायचा. हवेचा दाब मोजून आपणच आवरणारा डबा तो.

नातीनं मोबाईलवर तीन डबे काढून दाखवले. मी ताबडतोब एक पसंत केला, कारण त्याला निळा दिवा होता. (माझं लग्नही मी जवळजवळ असंच ठरवलं होतं, मुलाच्या मनगटावरचं घड्याळ बघून.) भावजी मात्र चौफुल्यावरून न्हावरामार्गे शिरूरची एसटी धरून आले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "तिघांस्नी फोन लावा. मला येकच इचारायचंय."

पहिला दुकानदार दाब किती वाढेल याचं कौतुक दहा मिनिटं सांगत राहिला. भावजींनी ते शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "सायेब, तुमच्या डब्याची वायर तुटली तर दाब चढतो का उतरतो?"

"काका, आपली वायर तुटतच नाही."

"मग तुमच्या गावात उंदीर न्हाईत," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. दुसऱ्यानं "पोरांच्या गाडीत तुम्ही कशाला पडता?" असं विचारलं. हा होता निळ्या दिव्याचा मालक. तिसरी पुण्याची एक बाई. ती म्हणाली, "काका, मला नक्की माहीत नाही. करून बघते आणि सांगते." दुसऱ्या दिवशी तिनं खरंच फोन केला. तिनं वायर उपटून बघितली होती. नळ्या एका विशिष्ट पद्धतीनं जोडल्या तर वायर तुटल्यावर दाब आपोआप खाली येतो, आणि दाब ठरवलेल्या मर्यादेच्या वर गेला तरी डबा तो सोडून देतो.

"हिचाच घ्या," भावजी म्हणाले.

"अहो, पण त्याला दिवाच नाही!" मी.

"वैनी, पळवणारा डबा समदेच इकत्यात. पोरीला घरी आणणारा कोण इकतो ते बघायचं."

डबा बसवला त्या दिवशी भावजींनी आधी त्याची वायर काढून ठेवायला लावली आणि तशीच गाडी न्हावरा रस्त्याला काढायला सांगितली. नात चालवायला, भावजी शेजारी, मागे मी देवाचं नाव घेत. गाडी बैलगाडीसारखी निघाली. काटा खालीच राहिला. टिचक्या मारल्या, तरी खालीच. "आता जोडा," म्हणाले, आणि मग मात्र गाडीनं अशी उसळी घेतली की माझा अंबाडा सुटला. भावजी काट्याकडे बघत लहान मुलासारखे हसत होते. काटा ठरल्या जागी जाऊन थांबला होता. "भावजी, फार उपकार झाले," मी मागून म्हणाले. त्यांनी ऐकलं नसावं, किंवा ऐकूनही काट्याकडेच बघत राहिले.

बॉयलरच्या आवाजात त्यांचे कान तसे केव्हाच मंदावले होते, आता तर जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. गुडघ्यांमुळे एसटीनं येणंही सुटलं. पण रोज संध्याकाळी सात वाजता त्यांचा फोन येतो. "पोरगी आली का?" मी कितीही ओरडून "आली, आली" म्हणाले तरी ते पुन्हा विचारतात, "वैनी, पोरगी आली का?" म्हणून हल्ली मी फोन घेऊन दारात जाते, तो गाडीच्या तोंडाशी धरते आणि नातीला खूण करते. ती लांबलचक हॉर्न वाजवते. शेजारी वैतागतात, वैतागू देत. मग पाटसहून आवाज येतो, "बरं, बरं. जेवा आता."