आईने उसवलेले काठ

भिलाईच्या पोलाद कारखान्यात पहिली भट्टी नुकतीच पेटली होती आणि माझा दादा प्लँटमध्ये अधिकारी झाला होता. त्याच्या सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये आम्ही चौघं राहायचो: दादा, वहिनी, आई आणि शाळेत चित्रकला शिकवणारी मी.

नागपूर सोडल्यापासून आईला हळूहळू काही आठवेनासं झालं. आधी भाजीत मीठ दोनदा पडू लागलं, मग आमची नावं गेली. शेवटी ती दिवसभर लुगड्यांचे काठ उसवत बसायची. जन्मभर शिवणकाम केलेली बाई, बोटांना थांबणं ठाऊकच नव्हतं. वहिनी ते धागे केरात टाकायची. मी उचलून ठेवू लागले.

प्लँटची यंत्रं ज्या खोक्यांतून यायची त्यांच्या फळ्या बाजारात मिळत. एका फळीवर मी दादाने टाकून दिलेल्या निळ्या नकाशांचे तुकडे खळीने चिकटवले. त्यावर आईचे काठ, धाग्यांचे गुंते, सरसात कालवलेली अंगणातली लाल धूळ. मधे तिचा चेहरा काढायला घेतला, पण डोळ्यांशी हात थांबला. ती माझ्याकडे बघायची ते परक्या बाईकडे बघितल्यासारखं. तेवढी जागा मी कोरीच ठेवली.

आणि दादा? पाहुणे आले की तो आईला मागच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावायचा. ती दार खरवडायची. वहिनी रेडिओ मोठा करायची.

"कावून कोंडतोस तिले?" मी विचारलं.

"साहेबासमोर लुगडं सोडलं तर? मले इथं नोकरी करायची आहे."

आईच्या नखांनी दाराच्या हिरव्या रंगाचे पोपडे निघाले होते. ते गोळा करून मी फळीवर लावले. मग ज्या रविवारी दादाचे साहेब बायकोला घेऊन चहाला येणार होते, त्या दुपारी ती फळी बैठकीत टांगली. दादाला दिसली तेव्हा साहेबांची जीप दाराशी आली होती.

साहेबांच्या बायकोने विचारलं, "ये क्या बनाया है?"

"बस, डेकोरेशन है," दादा हसून म्हणाला.

ते हसणं मला सहन झालं नाही. "ये हमारी माँ है," मी म्हणाले, "उस कमरे में बंद है." आणि उठून कडी काढली.

आई बाहेर आली, खुर्चीवर बसली, साहेबांच्या बशीतलं बिस्किट उचलून त्यांच्याच कपात बुडवून खाल्लं. थोड्याच वेळात पाहुणे उठले.

ते जाताच दादा ओरडला, "आईचा तमाशा करून राहिली तू!"

"मी तिले फक्त बाहेर आणलं. तू तर कोंडून ठेवलं होतं."

त्याने फळी ओढून अंगणात फेकली.

त्याच आठवड्यात मी आईला घेऊन जवळच्या मरोदा गावात भाड्याच्या खोलीत गेले. मी शाळेत असताना शेजारची एक छत्तीसगढी बाई तिच्याजवळ बसायची. संध्याकाळी मी नव्या फळ्या करायचे, रागारागानेच.

एकदा दादा आला. दारातच उभा राहिला.

"घरी चला. अधिकाऱ्याची माय अशी राहते म्हणून लोक बोलून राहिले."

"आई कशी आहे, ते विचार ना!"

तो घड्याळ बघायला लागला. मी दार लावून घेतलं.

पुढच्या उन्हाळ्यात आई गेली. तेरावं दादाच्या क्वार्टरमध्ये झालं. जेवताना बायका म्हणाल्या, मुलगा एवढा मोठा अधिकारी, म्हातारीचं म्हातारपण सुखात गेलं. दादाने मान हलवली. मी वरण वाढत होते. पातेलं तिथेच आदळलं आणि निघून आले.