राखेच्या तळ्याखालचं शेत

माझी मोठी बहीण लग्न होऊन सावनेरकडच्या एका खेड्यात गेली तेव्हा आमच्या घरी सगळ्यांना तिचं कौतुक वाटलं होतं. गावाच्या शिवाराला लागूनच वीज केंद्र होतं. नागपुरात वीज गेली की वडील म्हणायचे, ताईकडे जाऊन राहा, तिच्याकडे तर वीज तयारच होते. तिच्या गावात आमच्यापेक्षा जास्त वेळ वीज जाते, हे ती पहिल्या दिवाळीला माहेरी आली तेव्हा कळलं.

तिच्याकडे गेलं की राख दिसायची. दोरीवरच्या कपड्यांवर, पाण्याच्या रांजणावर, म्हशीच्या पाठीवर. ताई उन्हाळ्यात कुरडया वाळत घालायची तर त्यांवर जुनं पातळ पसरायची आणि संध्याकाळी ते झटकून घडी करून ठेवायची. तक्रार करायची नाही. भाऊजी तर हसून म्हणायचे की आमच्या गावात पावडर विकत घ्यावी लागत नाही.

कोळसा जाळून उरलेली राख पाण्यात कालवून पाइपातून एका मोठ्या तळ्यात सोडत. त्या तळ्याचा बांध ताईच्या शेताच्या वरच्या अंगाला होता. एका पावसाळ्यात तो फुटला.

मी दुसऱ्या दिवशी पोचले. कपाशी बोंडांवर आलेली होती, पण दिसत होते फक्त शेंडे. बाकी सगळीकडे करडा चिखल, कोणी सिमेंट कालवून ओतावं तसा. विहिरीतही तोच उतरला होता. भाऊजी शेताच्या कडेला धुऱ्यावर बसले होते. मी जवळ गेले तर मला म्हणाले, चहा घेतला का.

पंचनामा झाला, थोडी भरपाईही मिळाली. राख उचलून न्यायला मात्र कोणी आलं नाही. ती वाळली आणि उन्हाळ्यात वाऱ्याबरोबर घरात येऊ लागली. भाऊजींना खोकला लागला, मग दम. नागपूरच्या डॉक्टरांनी विचारलं, बिडी ओढत होता का? कधीमधी ओढत होतो, असं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. तेवढ्यावर तो विषय संपला. पुढच्या थंडीत ते गेले.

माझा भाचा तोवर मोठा झाला होता. शेत गेलेलं. मग तो त्याच वीज केंद्रात कंत्राटी कामाला लागला, कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर. गावात दुसरं काम नव्हतंच.

मी शाळेत विज्ञान शिकवायचे. सौर ऊर्जेचा धडा इतकी वर्षं शिकवला होता की नागपुरातच हुडकेश्वरला घर झाल्यावर सगळ्यात आधी छतावर सोलर बसवलं. ताई पाहायला आली. जिना चढताना तिला दोनदा थांबावं लागलं. पॅनलवर हात ठेवून तिने विचारलं, "अन् रात्री वं? रात्री कुठून येते लाइन?"

मी सांगितलं, रात्री नेहमीचीच येते. तारेतून.

"म्हणजे आमच्याकडूनच," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. तिला ते नुसतं समजून घ्यायचं होतं.

मग बातमी आली की केंद्रात वीजनिर्मितीचा आणखी एक संच उभा राहणार. त्याची जनसुनावणी ठेवली होती. ताईने मला फोन करून बोलावलं. मी बोलणार आहे, म्हणाली, तू फक्त बाजूला बस.

मोठा मंडप होता, कूलर लावलेले. पुढच्या खुर्च्यांवर कंत्राटी कामगार आणून बसवले होते. त्यांत भाचाही होता. आधी वक्त्यांनी रोजगाराबद्दल, विकासाबद्दल सांगितलं, टाळ्या झाल्या. ताईचा नंबर आला तेव्हा ती विहिरीच्या पाण्याची बाटली घेऊन उठली आणि सुनावणी घेणाऱ्या साहेबांच्या टेबलावर ठेवली. माइक तिने धरलाच नाही, एका बाईने तिच्यापुढे धरला.

"हे आमच्या विहिरीचं पाणी आहे," ती म्हणाली. "माह्या मालकानं शेवटपर्यंत हेच पेलं. तुमचा नवा संच होईल, तं त्याची राख कुठं टाकान, तेवढं सांगा. मले दुसरं काही नाही विचारायचं."

साहेब म्हणाले, नोंद घेतली आहे. ती तिथेच उभी राहिली. टाकान कुठं, तिने पुन्हा विचारलं. मंडपात कुजबुज सुरू झाली. मागून कोणीतरी ओरडलं की बाई पोरांच्या पोटावर पाय देऊन राहिली. तेव्हा पुढच्या रांगेतून भाचा उठला.

"आई, बस वं खाली."

"तुह्या बापाचं सांगून राहिली मी."

"माहीत आहे मले," तो म्हणाला. "बस."

ताई माझ्याशेजारी येऊन बसली. पुढे पाहुण्यांचे गुच्छ ठेवायला जागा हवी होती म्हणून शिपायाने ती बाटली उचलून टेबलाखाली ठेवली.

भाच्याने तिला बसवलं तरी त्याचं काम गेलंच. ठेकेदाराने कारण दिलं नाही. काही महिने तो नागपुरात कळमन्याच्या बाजारात पोती वाहत होता. नवा संच मंजूर झाला, बांधकाम सुरू झालं, तेव्हा त्याला परत बोलावलं आणि तो गेला. आईला तो कधी दोष देत नाही. घरी येतो, ताट घेतो आणि पडवीत जाऊन एकटा जेवतो.

मागच्या उन्हाळ्यात ताईचा दम फारच वाढला. डॉक्टरांनी धुळीपासून लांब राहायला सांगितलं. मी तिला हुडकेश्वरला घेऊन आले. इथे तिचा चेहरा जरा सुधारला, झोप लागू लागली. मी तिच्यासाठी वेगळी खोली केली, कपाट रिकामं केलं. आता इथेच राहा म्हटलं.

आठवड्यातच तिने पिशवी भरली. मी रागावले, मग रडलेही. ती शांतपणे पातळाच्या निऱ्या करत होती.

"पोरगा कामाची पाळी करून येते, तं घरात कोणी पाह्यजे," ती म्हणाली. "बोलत नाही, पण जेवते तं माह्या हातचंच."

तिला बसमध्ये बसवून दिलं. अजून फोनवर मी तिला ये म्हणते. ती येते म्हणते, आणि मग तिला खोकला येतो; तो थांबेपर्यंत मी फोन कानाला लावून ठेवते.