आठवी आज्ञा

पूल मागे पडला, पेट्रोल पंप मागे पडला, तरी मावशी बसथांब्याकडे बघायला तयार नव्हती. एक बस अगदी शेजारून गेली. कंडक्टरनं दारातून हात करून विचारलंसुद्धा, पण मावशीनं मान वळवली नाही. बरोबरची भाची मात्र चप्पल चावायला लागल्यामुळे मेटाकुटीला आली होती.

"मावशी, अगं निम्मंसुद्धा आलो नाही आपण. बसूया की पुढच्या बसमध्ये."

"तू बस. मी चालते."

"म्हणजे मी खिडकीतून तुला टाटा करत जाऊ?"

एरवी मावशी हसली असती. आज तिनं पदर खांद्यावर ओढून घेतला आणि चालतच राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "बसमध्ये बसले ना, की मी उतरतच नाही. मागच्या आठवड्यात तेच झालं. शेवटच्या थांब्यापर्यंत गेले आणि त्याच बसनं परत आले. चाललं की निदान पायांना तरी कळतं, कुठं निघालोय ते."

तिनं भाचीला एवढंच सांगितलं होतं, की जोडीदाराच्या आईला भेटायला जायचंय. जोडीदार म्हणजे मावशीच्या मुलाबरोबर गोदामात कामाला होता तो. रखवालदाराच्या अंगावर ट्रक घातला म्हणून त्याला शिक्षा झाली होती आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला तो तुरुंगातच तापानं गेला. भाचीला वाटलं, समाचाराला जायला उशीर झाला म्हणून मावशीला अवघडल्यासारखं होतंय. ती आपली धीर देत होती. "अगं, उशिरा का होईना, जातेयस ना? तिला बरंच वाटेल."

बरंच वाटेल! गिरणीच्या लांबच लांब भिंतीशी आल्यावर तिनं सांगायला सुरुवात केली. भिंतीच्या कडेनं चालताना समोर कुणाचं तोंड दिसत नाही, त्यामुळे बोलायला सोपं जातं.

मावशीनं उभा जन्म काजं केली. शिवण नाही, कटाई नाही, नुसती काजं. कोटाची, सदऱ्याची, शाळेच्या पोरांच्या गणवेशाची. नवरा लवकर गेला. पदरात तान्हं पोर घेऊन ती मास्तरांच्या दुकानाची पायरी चढली आणि तिथलीच झाली. मुलगा मास्तरांच्या कटाईच्या टेबलाखाली चिंध्यांत लोळत लहानाचा मोठा झाला. मास्तर यहुदी, मावशी ख्रिस्ती. मास्तर शनिवारी दुकान उघडायचे नाहीत आणि मावशी रविवारी सुईला हात लावायची नाही. गिऱ्हाईक वैतागायचं. "मास्तर, तुमच्या दुकानाला सुटीचे वार तरी किती?" तर मास्तर म्हणायचे, "देव एकच आहे, पण सुट्ट्या दोन देतो. तक्रार असेल तर वर करा."

दोघांची जुंपायचीही. मास्तर म्हणायचे, "तुमच्याकडे आहे काय? सगळं आमच्याकडून उसनं नेलेलं." मावशी दोरा दातानं तोडत म्हणायची, "उसनं नेलं, पण धुऊन वापरलं." एका गोष्टीत मात्र दोघांचं पटायचं. बरं काय आणि वाईट काय, हे माणसानं ठरवायचं नसतं. मास्तर टेप हातात धरून सांगायचे, "गिऱ्हाईकाला विचारून माप घेतलं तर कुणाची कंबर कधी वाढेल का? माप आपल्या बाहेर असावं लागतं. म्हणून देवानं दहा आज्ञा दगडावर दिल्या. कापडावर दिल्या असत्या तर आपण दुमडून घेतल्या असत्या." मावशीला हे फार आवडायचं. तिनं ते मुलालाही सांगितलं होतं, अनेकदा.

तर त्या संध्याकाळी गोदामाच्या आवारात ट्रक मागे घेताना रखवालदार चाकाखाली आला. ट्रक मावशीचा मुलगा चालवत होता. प्यायला होता. त्यानं खाली उतरून पाहिलं आणि भिंतीवरून उडी टाकून घर गाठलं. जोडीदार पळाला नाही. रखवालदाराचं डोकं मांडीवर घेऊन तो तिथंच बसून राहिला, म्हणून तोच सापडला. तो जीव तोडून सांगत होता, मी माल उतरवत होतो, चालवत होता तो दुसरा. पण बघणारं कुणी नव्हतं. मुलगा म्हणाला, मी तर कधीचाच घरी गेलो होतो. घरी होता की नव्हता, हे सांगणारी एकटी आई. सगळं येऊन तिच्या एका वाक्यावर थांबलं.

भाची चालता चालता उभी राहिली. "मावशी..."

"चाल. थांबू नकोस. थांबलीस तर मी पण थांबेन."

साक्षीच्या आदल्या दिवशी दुकानात गर्दी होती. एकजण कोट घालून आरशासमोर उभा, दुसरा बाकावर बसून पाय हलवतोय. मावशीच्या जिवाची नुसती उलघाल चालली होती. मास्तरांना विचारल्याशिवाय तिनं आजवर कुठली मोठी गोष्ट केली नव्हती. पण चारचौघांत 'खोटी साक्ष' हे शब्द तोंडातून निघेनात. म्हणून ती मास्तरांजवळ जाऊन हळूच म्हणाली, "मास्तर, आपल्या माणसासाठी आठवी आज्ञा मोडली तर?"

मास्तरांच्या ओठांत टाचण्या होत्या. त्यांनी त्या एकेक करून काढल्या. एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा कोपऱ्यातल्या तिच्या पिशवीकडे. "घरच्या लेकरासाठीच ना?"

"लेकरासाठीच हो."

"मग एवढं मनाला काय लावून घेतेस? माझी काही हरकत नाही. देवाचीही नसावी."

मावशीच्या छातीवरची धोंड उतरली. दुसऱ्या दिवशी तिनं बायबलवर हात ठेवला आणि सांगितलं, माझा मुलगा घरी होता, माझ्यासमोर बसून जेवत होता. आवाज जरासुद्धा कापला नाही. जोडीदार पिंजऱ्यातून तिच्याकडे बघत होता. रागानं नव्हे. तो तिच्या घरी येऊन बसलेला मुलगा होता, तिला मावशीच म्हणायचा. हिचं काहीतरी चुकतंय, आत्ता आठवेल, अशा नजरेनं तो बघत राहिला.

तो गेल्याचं कळलं त्या दिवशी मावशीच्या हातून एकही काज धड होईना. शेवटी तिनं मास्तरांपुढे सगळं ओतलं. मास्तर ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

"हे मला तेव्हा का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की! तुम्हीच म्हणालात, देवाची हरकत नसावी."

"मी? अगं, मी अस्तराच्या तुकड्यांबद्दल बोलत होतो! तुझ्या पिशवीतून लाल अस्तर डोकावत होतं. मला वाटलं नातीच्या झग्यासाठी नेतेयस आणि तुझा जीव खातोय. आठवी म्हणजे चोरी करू नको."

"अहो, चोरी सातवी! आठवी म्हणजे खोटी साक्ष देऊ नको."

"चोरी आठवी."

मग दोन म्हातारी माणसं टेबलाच्या दोन्ही बाजूंना उभी राहून लहान पोरांसारखी बोटं मोजायला लागली. कुणी आत आलं असतं तर हसून हसून मेलं असतं. मास्तरांनी अंगठा धरला. "मी परमेश्वर तुझा देव आहे. ही पहिली."

"ही कसली आज्ञा? ह्यात 'कर' कुठाय, 'करू नको' कुठाय? आम्ही हे पुढच्याला जोडून एका दमात म्हणतो. माझ्याखेरीज दुसरे देव नकोत, तिथपर्यंत सगळी मिळून पहिली."

"आमच्यात ती वेगळी. त्यात बोलणारा कोण आहे ते सांगितलंय. ते काढून टाक, मग खालच्या सगळ्या म्हणजे नुसत्या पाट्या. इथे थुंकू नये, गवतावर चालू नये." मास्तर मटकन स्टुलावर बसले. "माझी हरकत नाही, असं म्हणणारा मी कोण? खोटी साक्ष म्हणाली असतीस आणि मी हो म्हटलं असतं, तरी माझ्या 'हो'ला काय किंमत होती? ज्यानं सांगितलं त्याला विचारायचं होतंस."

शब्द उच्चारला असता तर मास्तरांनी कात्री आपटली असती, हे मावशीला तेव्हाही ठाऊक होतं. म्हणून तर तिनं नंबर सांगितला होता. मोजणीतली चूक दोघांची होती, पण त्या नंबराच्या आडोशाला ती एकटीच जाऊन बसली होती.

"आता ह्याला माफी?" तिनं विचारलं.

मास्तरांनी कात्रीची पाती उघडली, मिटली. "देवाचा अपराध देव माफ करतो. माणसाचा अपराध त्या माणसानं करायचा असतो, असं आमचे लोक सांगतात."

"आणि तो माणूस मेला असेल तर?"

मास्तरांनी टेबलावरच्या चिंध्या गोळा करायला घेतल्या.

मावशी पापाची कबुली द्यायला चर्चमध्ये गेली. जाळीच्या पलीकडून फादर म्हणाले, देवाची माफी आहे, बाई, तुझ्यासाठीही आहे. पण खरं सांगून टाक. ज्याचं नाव तू काळं केलंस त्याचं नाव आधी धुऊन दे. मावशी तिथंच गुडघ्यावर बसून राहिली. नाव धुवायचं म्हणजे मुलाला हातानं धरून तुरुंगात नेऊन सोडायचं. मुलगा आता पीत नाही. पोरीला शाळेत सोडायला जातो. तिनं एकदा विषय काढला, तर तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "आई, तो आता परत येणार आहे का? मग माझ्या पोरीनं काय पाप केलंय?"

गिरणीची भिंत संपली. पुढं उघडी गटारं आणि दुतर्फा बैठी घरं. भाचीनं मावशीचा हात धरला होता; कधी धरला ते दोघींनाही कळलं नव्हतं.

"तू प्रार्थना करत जा मावशी," ती कशीबशी म्हणाली. "रोज. मी करते ना, मला..."

"करत होते. आता गुडघे टेकले की नुसते गुडघेच टेकतात." मावशीचा आवाज कोरडा होता. "तुला एक सांगू? काजं करता करता माझ्या मनात आलं, समजा वर कुणी नाहीच. मग मी मोडलं तरी काय? कुणाचं? लई हलकं वाटलं बघ. एक काज पुरं होईपर्यंत वाटलं. मग सुई तिथंच राहिली. वर कुणी नसेल, तर त्या पोराच्या बाजूनं उभं राहणारं कुणीच नाही. कोर्टानं त्याला खोटा म्हटलं, तोच शेवटचा निकाल. तो खरं बोलत होता हे माहीत असलेली आम्ही दोन-चार माणसं, आणि आम्ही पण एक दिवस मरून जाऊ. मग तो कायमचा खोटा. म्हणजे देव असेल तर माझी धडगत नाही, आणि नसेल तर त्या पोराची नाही. कुठला मागू मी, असलेला की नसलेला? सांग ना, तू धार्मिक आहेस."

भाचीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मावशीला तिची दया आली, पण थांबून समजूत घालण्याचं बळ अंगात नव्हतं.

घर गल्लीच्या टोकाला होतं. दार उघडंच. आत एक बाई इस्त्री करत होती. लोकांचे कपडे, घड्या घालून रचलेले. केस विस्कटलेले, पण घड्या कशा अगदी सुरीनं कापल्यासारख्या. तिनं वर पाहिलं, मावशीला ओळखलं आणि इस्त्री उभी केली.

"अगं बाई, तुम्ही? या ना, बाहेर का उभ्या? चालत आलात की काय?" तिनं खुर्चीवरचे कपडे घाईघाईनं उचलले. "सगळे येऊन गेले, म्हटलं तुम्ही कशा आला नाहीत. तुमचं फार होतं त्याला. कोर्टात तुम्ही माहीत होतं तेवढंच सांगितलंत, माझा राग नाही. बसा, पाणी आणते." आणि ती पडद्याआड गेली. आत भांड्याचा आवाज झाला.

मावशी उंबऱ्याच्या अलीकडेच उभी होती. तिनं भाचीचा दंड असा पकडला की तिला कळ आली.

"ऐक. कोर्टात सांगितलं तेव्हा ते खोटं आहे हे मला माहीत होतं. पण मग मी ते सुनेला सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, विचारील त्याला सांगितलं. आता मला माझा मुलगा दिसतो गं. ताटावर वाकलेला, माझ्यासमोर. खरंच दिसतो. आणि भिंतीवरून उडी टाकून आलेला, गुडघा फुटलेला, तो आठवावा लागतो." आत पाण्याचा नळ बंद झाला. मावशी आणखी जवळ सरकली. "ही बाई पाण्याचा पेला देईल, प्रेमानं बोलेल, आणि मी पुन्हा तेच सांगायला लागेन. मला माझी खात्री नाही. मी तसं बोलायला लागले तर मध्ये बोल. मोठ्यांच्या मध्ये बोलू नये, मावशीचा मान, काही मनात आणू नकोस. वाटेत मी तुला जे सांगितलं ते तिला सगळं सांग. मी तुला खोटं पाडलं तरी सांग."